कॉम्प्युटर नवा आला, पण आपली जुनी नोंद कुठे गेली?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचे रात्री अकराच्या सुमारास हातपाय आणि कंबर दुखायला लागली. मुलगा सिकलसेलचा रुग्ण. दुखणे कसले आहे, हे त्याच्या आईला सांगावे लागत नाही. तिने ऑटो केला आणि शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मुलाला नेले. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “सिकलसेल आहे कशावरून? कागद दाखवा.”

आई म्हणाली, “कागद इथंच आहेत ना साहेब, तुमच्या कॉम्प्युटरमधी. मागच्या वेळी खिडकीवरच सांगितलं होतं, नंबर लक्षात ठेवा, फाईल आणायची गरज नाही.”

नंबर टाकला. नोंद सापडली नाही. मधल्या काळात रुग्णालयाची कॉम्प्युटर यंत्रणा बदलली होती. जुना नंबर नव्या यंत्रणेत चालत नव्हता. नवा नंबर काढला, नवा केसपेपर निघाला आणि चार वर्षांत पाच वेळा भरती झालेला मुलगा त्या रात्री कॉम्प्युटरच्या लेखी पहिल्यांदाच दवाखान्यात आला. रक्त पुन्हा तपासायला गेले. मुलगा दुखण्याने ओरडत होता आणि आपल्याला कोणते इंजेक्शन लागू पडते त्याचे नाव घेत होता. नाव घेतो म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, सवय लागली असेल म्हणून. पहाटे तीन वाजता वॉर्डातून एक जुन्या सिस्टर काही कामाने खाली आल्या. त्यांनी मुलाला ओळखले. “अहो, हा आपला जुना पेशंट आहे,” एवढे त्यांचे वाक्य झाले आणि सलाईन लागले, इंजेक्शन मिळाले.

मुलगा बरा झाला, घरी आला. पण चार तास तो तळमळत राहिला. त्याला ओळखले ते एका सिस्टरच्या आठवणीने, लाखो रुपयांच्या यंत्रणेने नाही. त्या सिस्टर निवृत्त झाल्यावर काय, हा आमचा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हा लेख आहे.

कॉम्प्युटर हवाच

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. आमच्यातल्या काहींनी वर्षानुवर्षे वॉर्डात पांढरे कपडे घालून काम केले आहे. कागदाचा कारभार कसा असतो, ते आम्ही हातांनी केले आहे. एकाच रुग्णाचे नाव भरतीच्या रजिस्टरमध्ये, औषधांच्या रजिस्टरमध्ये, जेवणाच्या यादीत, रक्ताच्या मागणीवर आणि ड्युटी सोपवतानाच्या वहीत पुन्हा पुन्हा लिहायचे. साठ रुग्णांचा वॉर्ड आणि दोन सिस्टर. लिहिण्यात अर्धी पाळी जायची. रेकॉर्ड रूममध्ये पावसाचे पाणी शिरायचे, गठ्ठे भिजायचे, जुनी फाईल मागितली की मामा हात हलवत परत यायचे. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया असल्या की आमचा जीव टांगणीला. एकीचा रिपोर्ट दुसरीच्या फाईलला लागू नये म्हणून लाल पेनाने वयाभोवती गोल करायचो.

म्हणून चांगली यंत्रणा काय करू शकते, ते आम्हाला ठाऊक आहे. खिडकीवर नोंद झाली की रुग्णाला एक कायमचा नंबर मिळतो. त्याच नंबराचे बारकोडचे चिकटपत्र रक्ताच्या बाटलीवर लागते. प्रयोगशाळेतल्या यंत्राने तपासले की रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या समोरच्या पडद्यावर येतो. मधे कोणी हातात कागद घेऊन धावायचे नाही, अक्षर वाचण्यात चूक नाही. एक्स-रे पडद्यावर दिसतो. औषध भांडारात काय शिल्लक आहे ते कळते, म्हणजे “औषध नाही, बाहेरून आणा” हे खरे की खोटे, तेही कळू शकते. आणि सिकलसेलच्या मुलाचा नंबर टाकताच पहिल्याच पानावर लाल अक्षरात यावे: सिकलसेल रुग्ण, मागच्या वेळी हे औषध दिले, या औषधाची ॲलर्जी आहे. असे झाले असते तर त्या आईला रात्रभर कोणाच्या पाया पडायची वेळ आली नसती.

तेव्हा आमचे भांडण कॉम्प्युटरशी नाही. तो कोणासाठी बसवला, कोणाला विचारून बसवला आणि बदलताना कोणाची नोंद मागे टाकून दिली, याच्याशी आहे.

यंत्रणा बदलते तेव्हा काय होते

आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी एका खासगी कंपनीकडून चालवलेली यंत्रणा होती. ती २०२२ मध्ये बंद पडली. खिडकीवर पुन्हा पेन आणि कागद आले. पुढे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केलेली ई-हॉस्पिटल ही यंत्रणा रुग्णालयांत बसू लागली. सरकारी संस्थेने बनवलेली यंत्रणा असणे ही आमच्या मते चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्यातून नव्यात जाताना मधे एक नाला लागतो, आणि त्या नाल्यात नेहमी गरिबाचीच चप्पल वाहून जाते.

हा नाला म्हणजे जुनी माहिती नव्या यंत्रणेत आणणे. हे काम किचकट असते. जुन्या यंत्रणेत नाव एका पद्धतीने लिहिलेले, नव्यात दुसऱ्या. जुन्यात वय लिहिलेले, नव्यात जन्मतारीख मागतात. एकाच माणसाचे तीन नंबर निघालेले असतात, कारण प्रत्येक वेळी खिडकीवर घाई होती. ते तीन एकत्र करायला माणूस बसवावा लागतो. त्याला पैसे लागतात, वेळ लागतो. मग सोपा रस्ता निघतो: जुने सोडून द्या, आजपासून नवे सुरू करा.

ज्याच्या घरी फाईल आहे, ज्याचा फॅमिली डॉक्टर आहे, ज्याच्याकडे खासगी लॅबचे रिपोर्ट मोबाईलमध्ये आहेत, त्याला याने फारसा फरक पडत नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाचा सगळा इतिहास त्या एका सरकारी रुग्णालयातच असतो. घर गळते, दर दोन वर्षांनी भाड्याची खोली बदलते, कागद टिकत नाहीत. त्याच्यासाठी जुने सोडून देणे म्हणजे त्याचा आजारच पुसून टाकणे.

आणि ही नोंद आहे कोणाची? कंपनीची नाही. कंत्राट संपले म्हणून कंपनी टेबल-खुर्च्या नेईल, नेऊ द्या. पण रुग्णांची माहिती वाचता येईल अशा स्वरूपात रुग्णालयाच्या ताब्यात दिल्याशिवाय कंत्राट संपता कामा नये. ही अट कंत्राटावर सही होण्याआधी लिहायची असते. सही झाल्यावर ओरडून उपयोग नाही.

दिल्लीच्या एम्सने शिकवलेला धडा

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय. सकाळी कॉम्प्युटर उघडेनात. नोंदणी, रिपोर्ट, बिले, भरती, सगळे ठप्प. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. नेटवर्कची रचना नीट विभागलेली नव्हती, हे कारणही तिथे सांगितले गेले. म्हणजे चाळीत एका खोलीला लागलेली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मधे भिंत लागते, ती भिंत धड नव्हती. जवळपास दोन आठवडे तिथल्या सिस्टर, डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून रुग्णालय चालवले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ई-हॉस्पिटलची माहिती वाचली ती एका वेगळ्या बॅकअप सर्व्हरवर प्रत होती म्हणून. त्या सर्व्हरला धक्का लागला नव्हता. दुसरी, रुग्णालय चालू राहिले ते हाताने काम करता येणारी माणसे होती म्हणून.

आता आपल्याकडे पाहा. “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,” हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? आमच्या मते हे वाक्यच बेकायदा ठरवायला हवे. सर्व्हर बंद पडणारच. पाऊस पडतो, वीज जाते, केबल तुटते. पण त्यासाठी प्रत्येक खिडकीवर आणि प्रत्येक वॉर्डात छापील कोरे केसपेपर, रक्ताच्या मागणीचे फॉर्म आणि ठरलेली पद्धत तयार हवी. लाईन आल्यावर तो कागद कॉम्प्युटरमध्ये चढवायचे काम कोणाचे, तेही ठरलेले हवे. लांबून आलेल्या बाईने आजची मजुरी बुडवलेली असते. तिला “उद्या या” सांगणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे. अनेक जण मग येतच नाहीत.

फॉर्ममध्ये “बौद्ध” कुठे आहे?

लोक म्हणतात, कॉम्प्युटरला जात नसते. खरे आहे. पण फॉर्म भरून घेणाऱ्याला असते आणि फॉर्म बनवणाऱ्यालाही असू शकते. आम्ही एका बहिणीबरोबर बाळंतपणाच्या नोंदणीला गेलो होतो. खिडकीवरच्या मुलाने धर्म विचारला. तिने ठणकावून सांगितले, “बौद्ध.” त्याने पडद्यावरची यादी वर-खाली केली आणि “हिंदू” वर टिचकी मारली. आम्ही हटकले तेव्हा म्हणाला, “यादीत येत नाही मॅडम. काय फरक पडतो?”

फरक पडतो. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. त्यांतले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. एवढ्या लोकांसाठी यादीत एक ओळ टाकायला किती खर्च येतो? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला जी ओळख दिली, ती एका टिचकीने पुसली जाऊ नये.

पण यातली दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, कारण आमच्या बैठकीत यावर वाद झाला. काही बहिणींचे म्हणणे, धर्म आणि जात विचारायचीच कशाला? पडद्यावर दिसले की बोलण्याचा सूर बदलतो. आडनाव वाचूनच बदलतो, त्यात आणखी भर कशाला? यात तथ्य आहे. ताप, खोकला, फ्रॅक्चर यांच्या उपचारासाठी धर्म लागत नाही. आमचे मत असे: ओपीडीच्या खिडकीवर धर्म आणि जातीचा रकाना काढून टाका. पण जिथे तो ठेवणार असाल तिथे “बौद्ध” पूर्ण अक्षरांत हवे, “इतर” मध्ये नको. आणि आरोग्याच्या कारणासाठी समाजाची माहिती घेणार असाल, तर कारण सांगून घ्या.

सिकलसेल हे असेच कारण आहे. विदर्भातल्या आदिवासी समाजात आणि आपल्याही समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आता विचार करा. वस्तीत शिबिर होते, रक्त घेतात, नोंद एका यंत्रणेत जाते. तोच मुलगा रात्री मोठ्या रुग्णालयात येतो तेव्हा ती नोंद तिथल्या पडद्यावर दिसत नसेल, तर शिबिरातले आकडे मंत्रालयात चांगले दिसतील, पण मुलगा तळमळतच राहील.

गुपित ही चैन नाही

आणि हीच नोंद नको त्याला दिसली तर? “मुलगी वाहक आहे” एवढे एका वाक्यात पसरते आणि ठरलेले लग्न मोडते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगत आम्ही घरोघर फिरतो, पण अफवा आमच्या पुढे धावते. टीबीचे तेच, एचआयव्हीचे तेच, गर्भपाताचे तेच. मोठ्या घरची माणसे वेगळ्या केबिनमध्ये डॉक्टरांना भेटतात. आपला आजार खिडकीवर मोठ्याने विचारला जातो आणि मागे रांगेत शेजारीण उभी असते. गुपित राखणे ही श्रीमंतांची चैन नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि तो संविधानाच्या कलम २१ शी जोडला. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्यासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचाही कायदा झाला. त्याने आपली माहिती काय साठवली ते विचारण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला आहे.

कायदे आहेत. पण वॉर्डात काय होते तेही सांगतो, कारण दुसऱ्याला बोल लावताना स्वतःला वगळणे बरे नाही. वॉर्डात एकच कॉम्प्युटर. प्रत्येक सिस्टरने, प्रत्येक डॉक्टरने आपापल्या पासवर्डने उघडायचे आणि बंद करायचे, असा नियम. पण उघडायलाच पाच मिनिटे लागतात आणि इकडे रुग्णाचे सलाईन संपत आलेले. मग एकाच पासवर्डवर सगळे काम चालते आणि तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला असतो. येणारा-जाणारा कोणीही कोणाचीही फाईल उघडू शकतो. हे आम्हीही केले आहे. चूक होती, पण ती आळसातून झाली नाही. माणसे आणि यंत्रे कमी ठेवून नियम जास्त लावले की असेच होते.

म्हणून यंत्रणा घेताना हे पाहिले पाहिजे: कोणी कोणती फाईल कधी उघडली याची नोंद यंत्रणा आपोआप ठेवते का? खिडकीवरच्या माणसाला फक्त नाव-नंबर दिसतो, की त्याला एचआयव्हीचा रिपोर्टही दिसतो? ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढेच दिसावे.

मोबाईल नाही म्हणून आजार थांबत नाही

आता खिडकीवर नवा प्रश्न असतो: मोबाईल नंबर सांगा, ओटीपी सांगा. आमच्या पाहण्यात अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो. बाईने नवऱ्याचा नंबर दिला की तिच्या तपासणीचा संदेश नवऱ्याकडे जातो. काही बायकांसाठी हे धोक्याचे आहे. हे शहरातल्या कार्यालयात बसून यंत्रणा आखणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. म्हणून आखताना वस्तीतली बाई टेबलाशी हवी.

आभा क्रमांकाबद्दलही खूप गोंधळ आहे. हा चौदा अंकी क्रमांक आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला आहे. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या आपल्या नोंदी, आपली संमती असेल तर, एकमेकांना जोडता याव्यात ही त्यामागची कल्पना आहे. ती चांगली आहे. सिकलसेलच्या, मधुमेहाच्या, डायलिसिसच्या रुग्णाला ती उपयोगी पडू शकते. मोबाईलवरून चौकट स्कॅन करून ओपीडीचा टोकनही मिळतो आणि रांग वाचते. पण आभा काढणे ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मोबाईलवाल्यांची रांग वेगळी आणि लवकर सरकणारी, बिनमोबाईलवाल्यांची एकच खिडकी आणि तीही दुपारी बंद, असे झाले तर ही नवी विटाळाची रांग झाली असे आम्ही म्हणू. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर बाबासाहेब सार्वजनिक पाण्यासाठी गेले. सार्वजनिक रुग्णालयही तसेच सार्वजनिक आहे. तिथे जाण्यासाठी स्मार्टफोनची अट असू शकत नाही.

आमच्या मागण्या

यंत्रणा नवी करताना रुग्णालय प्रशासनाने आणि सरकारने एवढे करावे, असे आमचे म्हणणे आहे.

१. जुनी नोंद नव्या यंत्रणेत आल्याशिवाय जुनी यंत्रणा बंद करू नये. निदान सिकलसेल, टीबी, कॅन्सर, डायलिसिस, हृदयरोग आणि जोखमीच्या गरोदर बाया यांची नोंद आधी आणावी. काही महिने दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी चालवाव्यात.

२. सर्व्हर बंद असताना कागदावर काम चालू राहील. “उद्या या” बंद.

३. डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचे रिपोर्ट छापील स्वरूपात रुग्णाच्या हातात द्यावेत, औषध कसे घ्यायचे ते मराठीत लिहून.

४. आधार, मोबाईल, आभा नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. याचा मोठा फलक प्रत्येक खिडकीवर मराठीत लावावा.

५. धर्म-जातीचा रकाना अनावश्यक तिथून काढावा, आवश्यक तिथे “बौद्ध” लिहावे.

६. वॉर्डात पुरेसे कॉम्प्युटर आणि पुरेशा सिस्टर. यंत्रणा ठरवताना परिचारिकांना विचारावे. दिवसभर ती वापरणार त्या आहेत, पण खरेदीच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

७. माहिती भरणारे ऑपरेटर बहुधा कंत्राटी असतात. त्यांतली कितीतरी मुले आपल्याच वस्त्यांतली, एमएस-सीआयटी करून लागलेली. महिनोन्‌महिने पगार अडकलेल्या मुलाकडून अचूक नोंदीची अपेक्षा करू नये. त्यांना वेळेवर पगार आणि नीट प्रशिक्षण द्यावे.

आपण काय करायचे

सरकार करेल तेव्हा करेल. आपण आपल्या घरात आजपासून एवढे करू या.

प्रत्येक माणसाची एक प्लास्टिकची पिशवी करा. त्यात केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड तारखेने लावा. वरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: नाव, वय, रक्तगट, मोठा आजार, ॲलर्जी, रुग्णालयाचा नंबर. मोबाईल असेल तर प्रत्येक कागदाचा फोटो काढा. “फाईल आणायची गरज नाही” असे कोणी सांगितले तरी फाईल न्या.

खिडकीवर निघालेला केसपेपर तिथेच वाचा. नाव, वय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव बरोबर आहे का? चूक असेल तर रांगेतून हटू नका, तिथेच दुरुस्त करून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारच्या मुलाकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही. दर वेळी नवा नंबर काढू नका, जुना दाखवा. ओटीपी रुग्णालयाच्या खिडकीवर, आपण समोर असतानाच सांगा. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला कधीच सांगू नका.

भरती झालेल्या रुग्णाचे वैद्यकीय कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांत दिले पाहिजेत, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत आहे. तोंडी मागू नका, अर्ज लिहा आणि पोच घ्या. आणि माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही खर्च नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. एवढेच विचारा: जुन्या यंत्रणेतील रुग्णांची माहिती कोणाच्या ताब्यात आहे? ती नव्या यंत्रणेत कधी आणणार? कंत्राटात याबद्दल कोणती अट आहे? तीन प्रश्न पुरेसे आहेत.

आणि एमएस-सीआयटी झालेल्या मुलामुलींना आमची खास विनंती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही राबता, त्याचा आम्हाला अभिमान आहे. महिन्यातला एक सकाळचा वेळ मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीजवळ उभे राहा. आजीचा फॉर्म भरा, नाव तपासा, “बौद्ध” लिहिले का ते पाहा. ही समाजसेवा आहे आणि लढाईही आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट निघाली तर त्याचे वाईटच होईल. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरलाही हेच लागू आहे. आणि तथागतांची ती गोष्ट आपण विहारात ऐकली आहे: आजारी भिक्खू एकटा घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, खाटेवर निजवले आणि मग भिक्खू संघाला जाब विचारला. आजाऱ्याकडे कोणी लक्ष का दिले नाही, हा प्रश्न त्यांनी सर्वांसमोर विचारला. तोच प्रश्न आता आपण विचारायचा आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आपापल्या घरातल्या आजारी माणसाचे कागद घेऊन विहारात या. आम्ही तिथे बसलेलो असू. कागद लावून देऊ, पहिले पान लिहून देऊ आणि ज्यांची नोंद हरवली आहे त्यांचे अर्ज तिथेच लिहू. त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या आईने पहिला अर्ज दिला आहे. दुसरा तुमचा असू द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!